धुऱ्यानं जाणारे डॉक्टर

खांद्याचं ऑपरेशन असलं की भूल देणाऱ्या डॉक्टरचे हाल होतात. एरवी टेबलाची डोक्याकडची बाजू आमच्या मालकीची. तिथं आमचं यंत्र, आमच्या नळ्या, आमचं स्टूल. पेशंटचे ओठ, डोळ्यांच्या बाहुल्या, कानशिलावरची नाडी, सगळं हाताशी. खांद्याच्या वेळी मात्र सर्जनला नेमकी तीच जागा लागते. मग आम्ही पायाकडे सरकतो, पेशंटचा चेहरा हिरव्या कापडाखाली गडप होतो, आणि काळ्या रबरी फुग्याच्या दाबावरून आतल्या जिवाचा अंदाज घेत बसावं लागतं.

परभणीच्या दवाखान्यात मी रुजू झाले त्याच आठवड्यात एका उंच, काटक माणसानं माझं स्टूल उचललं, टेबलाच्या पायाकडे नेऊन ठेवलं, रुमालानं पुसलं आणि म्हणाला, "झोपवणाऱ्या बाई, तुमी इथं बसा. आज लय वेळ लागणार हाय."

हे आमचे हाडांचे सर्जन. त्यांनी मला शेवटपर्यंत याच नावानं हाक मारली. मी साताऱ्याकडची, बदलीवर आलेली, नुकतं लग्न झालेली आणि डिग्रीचा ताठा असलेली. मला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. आणि वेळ खरोखरच फार लागला. खांद्याजवळ मोडलेलं साधं हाड होतं. आमचे दुसरे सर्जन तेवढ्या वेळात ते उरकून, चहा पिऊन ओपीडीत जाऊन बसले असते. हे मात्र दोन बोटं आत घालून काहीतरी चाचपत होते, सरकवत होते, थांबत होते. मी सिस्टरला हळूच विचारलं, "नेमकं काय अडलंय?"

"काही नाही मॅडम. सर कापत नाहीत ना, म्हणून."

मला वाटलं, चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. कातडी कापायला त्यांची हरकत नसे. पण त्याखालचा स्नायू कापायचा म्हटलं की त्यांचा चेहरा असा होई, की जणू कुणी त्यांच्या ताटात थुंकलं. ऑपरेशन थिएटरमध्ये 'कापा' हा शब्दसुद्धा चालत नसे. धाकट्या डॉक्टरच्या तोंडून तो निसटला की ते हातातलं हत्यार खाली ठेवत आणि विचारत, "काय म्हणलात?" धाकटा डॉक्टर सुधारून म्हणे, "वाट काढू या, सर." मग काम पुढं सुरू.

चारठाण्याजवळच्या एका शेतकरी घरातला हा माणूस. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकला, पुढं हैदराबादला डॉक्टर झाला. मोठमोठ्या इंग्रजी ग्रंथांतली चित्रं त्यांना पाठ होती, पण बोलणं गावचंच राहिलं. जिथं आम्ही दोन स्नायूंमधल्या फटीचं लांबलचक शास्त्रीय नाव घ्यायचो, तिथं ते म्हणायचे, 'धुरा'. दोन शेतांच्या मधल्या बांधाला त्यांच्याकडे धुरा म्हणतात. "ही टोपीवाणी बसलेली एक पट्टी, ही छातीवरची दुसरी. दोघींच्या मधात धुरा हाय, धुऱ्यावरून ही निळी शीर चाललीय. आपून धुऱ्याधुऱ्यानं जायचं. उभ्या पिकातून जायला आपलं काय अडलंय?"

"सर, पीक परत शिवता येतं की," मी एकदा चिडून म्हणाले. तास उलटून गेला होता आणि मला घरी जायचं होतं.

"शिवलेलं लुगडं आन धडकं लुगडं सारखंच का, बाई?"

 उत्तर त्यांना नकोच होतं. ते परत आत बघायला लागले होते.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, खांदे राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी तोंडाकडं बघतच नसत. बोलता बोलता त्यांचा हात समोरच्याच्या खांद्यावर जाई, अंगठा पुढच्या खोबणीत शिरे, आणि मग एकदम ओळख पटे. "अरे, पेडगावचे मास्तर तुमी! फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना अजून कळ येती का?" लग्नात आहेर देताना नवरदेवाचा खांदा दाबून बघत. एका लग्नात त्यांनी नवरीच्या बापाला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं होतं, की जावयाचा डावा खांदा एकदा निखळून बसवलेला दिसतो, विचारून घ्या. त्यावरून मांडवात बरीच कुजबुज झाली. शेवटी नवरदेवानं कबूल केलं, की लहानपणी चिंचेवरून पडला होता. लग्न सुखरूप लागलं, पण तेव्हापासून लोक त्यांना आमंत्रण देताना जरा दबकत.

त्यांचं आणखी एक वेड होतं. ते स्वतः शुद्ध शाकाहारी, अंड्यालाही शिवायचे नाहीत. पण रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात रांगेत उभे राहून बकऱ्याचा पुढचा पाय, खांद्यापासून अख्खा, विकत घ्यायचे. घरमालक जैन, त्यामुळं घरी नेण्याची सोय नव्हती. दवाखान्यामागच्या पडवीत टेबल टाकून ते त्या खांद्याशी दुपारपर्यंत खेळत. एकही धागा न तोडता सांध्यापर्यंत पोचायचं, ही त्यांची रविवारची करमणूक. काम झालं की तो पाय थिएटरमधल्या अटेंडंटला देऊन टाकत. त्याला आम्ही सगळे मामू म्हणायचो. सुरुवातीला मामू खूश होता. मग एका सोमवारी तो डोकं खाजवत सरांसमोर उभा राहिला.

"साब, बुरा नक्को मानो. बीवी बोलती, इसकू पकाना क्या सीना?"

स्नायू इतके सुटे सुटे करून ठेवलेले असत, की पातेल्यात टाकायला धड बोटी मिळत नसे. सर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढच्या रविवारपासून त्यांनी मामूसाठी वेगळं मटण घ्यायला सुरुवात केली.

आणि तो गोळा. त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक चकचकीत पोलादी गोळा असे, खाली बोटभर जाडीचा दांडा. खांद्याचा कृत्रिम सांधा. म्हणजे खरं तर अर्धा सांधा, दंडाच्या हाडाचं वरचं डोकं तेवढं. तो त्यांनी मुंबईहून स्वखर्चानं आणवला होता. त्या काळी गुडघे आणि खुबे बदलल्याच्या बातम्या मोठ्या शहरांतून यायच्या, पण खांदा बदलणं तिथंही नवलाचं होतं. परभणीत तर नावच नको. राउंड घेताना ते खिशात हात घालून तो गोळा फिरवत राहत. चहाच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवत. मी विचारलं, "बसवणार कधी?"

"बसवायला काय, कवाबी बसवता येतो," ते म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय तसं बसवायचं तर सांध्याच्या पुढचा पडदा कापावा लागतो. तेच नको हाय मला."

खांद्याच्या पात्याच्या आतल्या अंगानं एक रुंद स्नायू येतो आणि सांध्याच्या पुढून पडद्यासारखा दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. त्याच्या जोरावर हात आत वळतो, पाठीमागं जातो. सांध्यापर्यंत जायचं तर जगभरचे सर्जन तो पडदा कापून उघडत आणि शेवटी शिवून टाकत. बहुतेकदा शिवण टिकायची.

"न टिकली तर?" मी विचारलं.

त्यांनी गोळा परत खिशात टाकला. हैदराबादला शिकत असताना त्यांनी आपल्या सरांच्या हाताखाली एका टांगेवाल्याचा खांदा असा उघडला होता. कापलंही त्यांनी आणि शिवलंही त्यांनीच. महिन्याभरात शिवण सुटली.

"त्याचा हात मागं जाईना, बाई. पायजम्याची नाडी बांधता येईना. पोरगं बांधायचं त्याचं. मी दिसलो की सलाम करून हसायचा तो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. त्यांच्या वेडाची मला त्या दिवसापासून चीड आली नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. वेळ लागतच होता, भूल लांबतच होती, आणि लांबलेल्या भुलीची जोखीम माझ्या माथी होती.

कौसाबाई आल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडाला. पूर्णेकाठच्या एका गावच्या, साठीकडं झुकलेल्या, अंगानं वाळलेल्या. मुलगा परभणीत कचेरीत शिपाई होता, त्याच्याबरोबर आल्या होत्या. उजवा हात शरीराला बांधल्यासारखा. सरांनी नेहमीप्रमाणे आधी खांदा धरला, आणि त्यांचा अंगठा थबकला. एक्स-रेमध्ये हाडाचं डोकं कोळशासारखं खचून गेलेलं. जुनी मोड होती, कुणी कधी बसवलेलीच नव्हती.

"कशानं झालं, मावशी?"

"विद्यापीठाच्या नामांतराच्या वक्ताला," कौसाबाई म्हणाल्या. "पैल्या दंग्यात. आमच्या वस्तीला गावानं आग लावली की. म्या वगारू सोडाया आत गेले, तर वरून आढं आलं. वगारू सुटलं, म्या घावले."

म्हशीचं रेडकू वाचलं होतं. ती गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधानच होतं.

"मग तवाच दवाखान्यात का न्हाई आलात?"

कौसाबाईंनी त्यांच्याकडं जरा नवलानं बघितलं. "कसं येणार, डागदर? वाटंत गाव हुतं."

सरांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही. त्यांचं घराणं अशाच एका गावातलं, मोठ्या शेतीवाडीचं.  त्यांनी फक्त विचारलं, "हात कशाला अडतो सगळ्यात जास्त?"

कौसाबाईंनी मुलाकडं बघितलं, सरांकडं बघितलं, मग मला खुणेनं जवळ बोलावलं आणि माझ्या कानाशी सांगितलं. लुगड्याचा कासोटा मागं खोचता येत नाही. इतकी वर्षं डाव्या हातानं कसंबसं चालवलं, आता डावाही दुखतो. सून नेसवते. "चांगली हाय बिचारी. पर तिनं खोचावं आन म्या भितीला तोंड करून उभं ऱ्हावं, ह्ये न्हाई सोसत. हात वर न्हाई गेला तरी चालंल म्हणावं. मागं तेवढा जाऊ द्या."

मी ते सरांना सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि तो गोळा कौसाबाईंच्या डाव्या तळहातावर ठेवला.

"हे आत बसवायचं."

त्यांनी तो हातात तोलून बघितला. "वजन हाय."

"हाय."

"गंजन्हार न्हाई?"

"न्हाई."

"मग बसवा," असं म्हणून त्यांनी तो परत केला, भाजी पसंत पडल्यावर विक्रेत्याला द्यावी तसा.

नकार मी दिला. रक्त कमी, छातीत चुलीच्या धुराची जुनी घरघर, हृदय थकलेलं. "ही बाई इतका वेळ भूल सोसणार नाही," मी सांगितलं. "आणि तुम्हाला तर वेळ लागतोच." मला वाटलं, आता मोठा वाद होणार. सर म्हणाले, "किती रक्त पायजे सांगा. तयार करू." त्यांनी कौसाबाईंना वॉर्डात ठेवून घेतलं. रोज सकाळी राउंडला येताना त्यांच्या एका खिशात गोळा आणि दुसऱ्या खिशात गूळ-शेंगदाणे असत. गोळ्या, औषधं चालू होतीच. पण तो गूळ समोर उभं राहून खायला लावत, आणि मग माझ्या दारात येऊन विचारत, "बाई, आज बघता का रक्त?" असं बरेच दिवस चाललं. शेवटी छाती निवळली, रक्त बऱ्यापैकी वर आलं, आणि मी फारसं मनात नसताना सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माझं स्टूल आधीच पायाकडे ठेवलेलं होतं, पुसलेलं.

सुरुवात चांगली झाली. निळी शीर बाजूला सारून ते धुऱ्यानं खाली उतरले. पडद्याच्या वरच्या काठाशी दोन स्नायूंच्या मध्ये एक अरुंद खिडकी असते. बकऱ्याच्या खांद्यांवर त्यांनी इतके रविवार घालवले होते ते या खिडकीसाठी. तिच्यातून त्यांनी हाडाचं मेलेलं डोकं तुकड्यातुकड्यानं बाहेर काढलं. इथवर मीसुद्धा मान उंचावून बघत होते. अडलं ते पुढं. गोळ्याचा दांडा आत सोडायचा तर हाडाचं तोंड खिडकीसमोर यायला हवं. ते येईना. ताठ झालेले स्नायू हाड मागं ओढत होते. सर हात इकडं वळवत, तिकडं वळवत. वेळ जात होता. आणि माझ्या कानातल्या नळीतले ठोके बारीक होऊ लागले.

"प्रेशर उतरतंय," मी म्हणाले.

"सर," समोर उभे असलेले धाकटे डॉक्टर हळूच म्हणाले, "पडदा सोडू या. लगेच होईल." 'कापा' हा शब्द त्यांनी याही वेळी टाळला. सिस्टरनं सुरी उचलून हातात तयार धरली होती.

"बाई, किती वेळ हाय माझ्यापाशी?"

"वेळ नाहीच आहे."

मी भांडायच्या तयारीनं उठून उभी राहिले होते. हा माणूस आता आपलं वेड सोडणार नाही, आणि मला त्याच्याशी माझ्या पेशंटच्या जिवासाठी झगडावं लागणार, असं मी धरूनच चालले होते. सरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते.

"जीव तुमच्याकडं, खांदा माझ्याकडं," ते म्हणाले. "जीव पैला. तुमी म्हणलात कापा, तर आत्ता कापतो आन बंद करतो. माझं काही म्हणणं न्हाई."

थिएटरमध्ये तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. माझा सगळा आवेश गळून गेला आणि निर्णय माझ्या हातात येऊन पडला. त्यांनी हट्ट केला असता तर मी सरळ 'कापा' म्हणाले असते, आणि बरोबरच केलं असतं. पण आता मला विचार करावा लागला. वॉर्डात गूळ चावत बसलेल्या कौसाबाई आठवल्या. भिंतीकडं तोंड करून उभ्या असलेल्याही डोळ्यांसमोर आल्या.

"हात बाहेर काढा," मी म्हणाले. "कुणी काही करू नका. आधी मला तिला वर आणू दे."

त्यांनी जखमेवर ओली पट्टी ठेवली, हातमोजे घातलेले हात छातीशी धरले आणि देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. मी भूल हलकी केली, सलाईन सोडलं, मुलानं दिलेल्या रक्ताची बाटली चढवली. कुणी हललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता. हळूहळू ठोके भरायला लागले, पारा वर चढला, आणि थोडा वेळ तिथंच टिकला.

"आता?" धाकट्या डॉक्टरनी विचारलं.

"बाई, एक मागू का?" सर म्हणाले. "अंग जरा सैल करून द्या तिचं. स्नायू भांडायलेत माझ्याशी. मी त्यांच्याशी भांडणार न्हाई."

स्नायू सैल करणारं औषध मी हात राखूनच दिलं होतं. अशा छातीला ते जास्त झालं, तर ऑपरेशन संपल्यावर श्वास परत येईल की नाही, सांगता येत नाही. म्हणजे एक जोखीम टळली होती आणि दुसरी मी आपण होऊन घ्यायची होती. मी डोक्याकडं जाऊन कौसाबाईंच्या कपाळावरचं कापड जरा उचललं. त्यांचा चेहरा बघितला. रंग चांगला होता. मी औषध दिलं.

थोड्या वेळानं सरांचे खांदे खाली आले. माझ्या पेशंटचे नव्हे, त्यांचे स्वतःचे. "हां," ते म्हणाले. त्यांनी धाकट्या डॉक्टरला हात टेबलाच्या कडेवरून खाली सोडायला लावला, बाहेरच्या अंगाला वळवायला लावला, "अहिस्ता, अहिस्ता" म्हणत. आणि हाडाचं तोंड आपण होऊन खिडकीत आलं.

गोळा बसला. सिस्टरच्या हातातली सुरी तशीच कोरडी राहिली.

पण कौसाबाईंचा श्वास लवकर आला नाही. ज्याचं मला भय होतं तेच झालं. टाके झाले, पट्टी बांधून झाली, बाकीचे पांगले, आणि मी फुगा दाबत बसले. सर हातमोजे काढून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.  मग म्हणाले, "हात भरून आले असतील. द्या इकडं. तुमी सांगा तसं दाबतो." आणि तो माणूस, ज्याला दवाखान्यात कुणी घाई करायला लावू शकत नव्हतं, माझ्या इशाऱ्यावर निमूटपणे फुगा दाबत राहिला. बाहेर उन्हं उतरली तेव्हा कुठं कौसाबाईंच्या छातीनं स्वतःची अशी एक उचकी दिली. मग दुसरी. मग ती नेहमीची घरघर सुरू झाली. त्या घरघरीला मी किती नावं ठेवली होती. त्या दिवशी तिच्याइतका गोड आवाज दुसरा नव्हता.

"झालं का?" कौसाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं," सर म्हणाले. "बोटं हलवा." आणि लगेच बाहेर निघून गेले. मामूनं नंतर सांगितलं, की साहेब पडवीत जाऊन बसले होते आणि चहा दिला तरी त्यांना कळलं नव्हतं.

नंतरचे महिने व्यायामाचे. वॉर्डासमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला सरांनी विहिरीवरची जुनी चाक-दोरी बांधून घेतली होती. डाव्या हातानं दोरी ओढायची, उजवा हात आपोआप वर. कौसाबाई त्या झाडाखाली सावली धरून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत दोरी ओढत. कधी दुसरी बाई बसलेली दिसली तर तिला उठवत. मागं हात न्यायला मात्र सरांनी बरेच दिवस बंदी घातली होती.

ती बंदी उठवली त्या दिवशी सुनेलाही बोलावलं होतं. तपासणीच्या खोलीत पडदा ओढला. आत कौसाबाई, सून, मी आणि सिस्टर. सर पडद्याबाहेर, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून भिंतीकडं तोंड करून उभे.

कौसाबाईंनी लुगडं सोडलं, नेसायला घेतलं. निऱ्या झाल्या. मधला पदर पायांतून मागं गेला. सुनेचा हात सवयीनं पुढं झाला, तो सासूनं डाव्या हातानं मागं सारला. उजवा हात कमरेवरून मागं सरकायला लागला. मध्ये थांबला. कौसाबाईंनी दात आवळले.

"गेला का?" बाहेरून आवाज आला.

 हात आणखी सरकला, पाठीच्या कण्यापाशी पोचला, बोटांनी पदराची चुणी पकडली, आणि कासोटा कमरेत गेला.

"बाई, गेला का?"

सूनच रडायला लागली. कौसाबाई तिला म्हणाल्या, "आता काय झालं रडायला? सुटलीस की तू." मग पडद्याकडं तोंड करून म्हणाल्या, "गेला, डागदर."

"सोडा आन परत खोचा," भिंतीकडूनच सर म्हणाले. "एकदा कुणालाबी जमतं."

त्यांनी परत खोचला. मी पडदा बाजूला केला तेव्हा सर अजून भिंतीकडंच बघत होते, आणि चष्मा पुसत होते. पुढं नवीन कुणी डॉक्टर आला, की ते माझी ओळख करून देत, "ह्या झोपवणाऱ्या बाई. कौसाबाईच्या खांद्याची वाट ह्यांनी उघडली, मी नुसता त्या वाटेनं गेलो." ते नाव मला तेव्हापासून टोचलं नाही.

सर निवृत्त झाले आणि परभणी सोडून चारठाण्याजवळ आपल्या शेतावर राहायला गेले. शहरात खासगी दवाखाना काढा म्हणून पुष्कळांनी गळ घातली. "जल्दीवाले डॉक्टर लय झालेत," एवढंच ते म्हणाले. त्यांनी आणखी थोडे गोळे बसवले होते, सगळे त्याच खिडकीतून. त्यावर कुठं काही लिहिलं नाही. लिहा म्हणून मी मागं लागले, तर हसून म्हणाले, "लिहायला बसलो तर 'कापणे' हा शब्द किती वेळा लिहावा लागंल, बाई."

मग नामांतर झालं. त्या थंडीत एका सकाळी कौसाबाई माझ्या दारात. नवं निळं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा. मला पेढा दिला, आणि विचारलं, "आपले डागदर कुठं हायत?"

मी रजा टाकली. आम्ही दोघी जिंतूरच्या एसटीनं निघालो, पुढं चारठाण्याला उतरलो आणि विचारत विचारत शेतावर गेलो. हरभरा घाट्याला आला होता. सर बांधावर उभे राहून गड्याशी बोलत होते. केस सगळे पांढरे झालेले, पण ताठ तसेच. आम्हाला बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. चेहरा ओळखला की नाही कोण जाणे. कौसाबाई जवळ गेल्या तसा त्यांचा हात पुढं झाला, अंगठा खोबणीत टेकला, आणि ते म्हणाले, "कौसाबाई."

"व्हय. तोंड गोड करा. नाव बदललं."

"कळलं मला," सर म्हणाले. 

कौसाबाईंनी पुडा सोडला आणि पेढा त्यांच्या हातात न देता सरळ तोंडाकडं नेला. उजव्या हातानं. सर उंच, त्या ठेंगण्या. हात वर वर गेला आणि त्यांच्या हनुवटीशी थांबला. सरांचं लक्ष पेढ्याकडं नव्हतंच. त्यांची नजर कौसाबाईंच्या खांद्यावर होती, बोटांनी ते टोपीसारखा स्नायू कसा ताणला जातोय ते चाचपत होते.

"अजून चार बोटं वर जायला पायजे हा," ते कपाळाला आठी घालून म्हणाले. "दोरी सोडली वाटतं तुमी."

"जेवढा जातो तेवढा लय झाला," कौसाबाई म्हणाल्या. "तुमीच वाका की जरा."

सर वाकले.